हार्डवेअर वॉलेट बदललं, २४ शब्द टाकले, बॅलन्स शून्य! पत्त्यांचे प्रकार आणि पाथ कोणी समजावेल का?

सिन्नरकर
नमस्कार मंडळी. दोन रात्री झोप नाही म्हणून हा धागा. २०१८ ला हौसेने हार्डवेअर वॉलेट (बिटकॉइनच्या किल्ल्या सांभाळणारं छोटं डिव्हाइस) घेतलं होतं, त्यात तीन वेळा थोडे थोडे बिटकॉइन घेऊन ठेवले आणि डिव्हाइस कपाटात टाकून विसरलो. गेल्या महिन्यात चालू केलं तर स्क्रीनवर नुसत्या रेघा, पावसाळ्याची ओल लागली असावी. मग दुसऱ्या कंपनीचं नवीन डिव्हाइस मागवलं, वॉलेट परत उभं करण्यासाठी कागदावर लिहून ठेवलेले २४ शब्द टाकले, एकही चूक दाखवली नाही, वॉलेट उघडलं आणि बॅलन्स शून्य. शून्य म्हणजे शून्यच, जुना एकही व्यवहार नाही. माझ्या वहीत जे तीन पत्ते लिहिलेत ते ३ ने सुरू होतात, आणि नवीन डिव्हाइस जो पत्ता देतंय तो बीसी१क्यू ने. शब्द तेच तर पत्ते वेगळे कसे? पैसे गेले का? आणि सगळं ठीक निघालं तर इथून पुढे कुठला प्रकार वापरावा हाही सल्ला हवाय. वय ५४, मेकॅनिकल इंजिनीअर आहे, त्यामुळे थोडं तांत्रिक चालेल पण अगदी डोक्यावरून नको.

टेकडीवरचा
काका, आधी पाणी प्या. मग वहीतला ३ वाला पत्ता कुठल्याही ब्लॉक एक्सप्लोररवर (सगळे व्यवहार दाखवणारी वेबसाइट) टाका. पत्ता टाकायला हरकत नाही, तो उघडच असतो. तिथे रक्कम दिसली तर पैसे जागेवर आहेत, तुम्ही फक्त चुकीचं दार वाजवताय. आणि शब्द डिव्हाइस सोडून कुठेही टाइप करायचे नाहीत, फोनवर नाही, वेबसाइटवर नाही, फोटोसुद्धा काढायचा नाही. रक्कम किती आहे ते इथे सांगू पण नका.

(हा प्रतिसाद संपादकांनी उडवला आहे)

टेकडीवरचा
बघा, धाग्याला दहा मिनिटं झाली नाहीत तर "पर्सनल मेसेज करा मी रिकव्हर करून देतो" वाले हजर. काका, अशा कोणालाही उत्तर देऊ नका, कितीही गोड बोलला तरी.

रेवा_गिरगाव
मी समजावते, माझ्या बाबांना समजावलं होतं तसंच. तुमचे २४ शब्द म्हणजे एका अवाढव्य चाळीच्या सगळ्या खोल्यांची मास्टर किल्ली समजा. खोल्या अब्जावधी. कुठल्या खोलीत सामान ठेवलंय हे शब्दांत लिहिलेलं नसतं, ते पाथ सांगतो. पाथ दिसतो असा: एम/४९'/०'/०'/०/५ (इथे देवनागरीत लिहितेय, ॲपमध्ये इंग्रजी अक्षरं आकडे दिसतील). पहिला आकडा म्हणजे चाळीची विंग. दुसरा नाणं कुठलं ते, बिटकॉइन ०, इथेरियम ६०. तिसरा मजला, म्हणजे अकाउंट. चौथा ० असेल तर पुढची गॅलरी, लोकांकडून पैसे घ्यायची, आणि १ असेल तर मागची, जिथे खर्च केल्यावर उरलेले सुट्टे तुमचंच वॉलेट गुपचूप ठेवतं. शेवटचा खोली नंबर, तोही ० पासून. आकड्याच्या डोक्यावरची ती टिकली म्हणजे हार्डन्ड (त्या टप्प्याच्या किल्ल्या पब्लिक कीवरून काढता येत नाहीत), काही सॉफ्टवेअर तिच्याजागी एच लिहितात, अर्थ तोच.

तर विंगा चार आहेत. ४४ मध्ये पत्ते १ ने सुरू होतात, हे जुने लेगसी. ४९ मध्ये ३ ने. ८४ मध्ये बीसी१क्यू, ८६ मध्ये बीसी१पी म्हणजे टॅपरूट. तुमचं २०१८ चं सामान ४९ विंगेत आहे आणि नवीन डिव्हाइसचं ॲप तुम्हाला सरळ ८४ विंगेत घेऊन गेलं कारण आता बहुतेकांचा डिफॉल्ट तोच. तिथल्या खोल्या रिकाम्याच असणार ना.

करायचं काय: ॲपमध्ये नवीन अकाउंट ॲड करा आणि प्रकार बदला. गंमत अशी की ३ वाल्याला लेजरच्या ॲपमध्ये "सेगविट" म्हणतात, ट्रेझरच्या ॲपमध्ये "लेगसी सेगविट" आणि स्पॅरोमध्ये (हे कॉम्प्युटरवरचं वॉलेट सॉफ्टवेअर) "नेस्टेड सेगविट". वस्तू एकच, नावं तीन, लोक गोंधळणार नाहीत तर काय.

सिन्नरकर
एक्सप्लोररवर तिन्ही पत्त्यांत पैसे दिसतायत!! रेवाताई, टेकडीवाले, तुमचे उपकार. आता ४९ शोधतो. पण हे असं चार चार प्रकार ठेवायची अवदसा कोणाला आठवली?

बंड्या_अकोला
काका थांबा, ३ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे मल्टिसिग असतो, त्याला दोन तीन किल्ल्या लागतात, तुमच्या एका डिव्हाइसने ते उघडणार नाही.

पाटीलबुवा_पुणे
बंड्या, अर्धवट माहितीवर घाबरवू नको राव. ३ म्हणजे पी२एसएच, त्यात मल्टिसिगही असू शकतं आणि साधं एका किल्लीचं सेगविटही. बाहेरून बघून कळतच नाही, त्या पत्त्यावरून खर्च झाला की मगच उघड होतं. काकांनी एकट्याने एका डिव्हाइसवर बनवलंय म्हणजे नेस्टेडच.

काका, अवदसा नाही हो, इतिहास आहे. एका सीडमधून (शब्दांमागचा मूळ आकडा) झाडासारख्या किल्ल्या काढायची पद्धत २०१२ ची, बिप ३२ (बिप म्हणजे बिटकॉइन सुधारणेचा क्रमांकित प्रस्ताव). शब्दांची यादी २०१३ ची, बिप ३९, त्यात २०४८ शब्द. मग २०१४ ला ट्रेझर बनवणाऱ्या प्रागच्या मंडळींनी पाथची शिस्त लावली, तो बिप ४४. तेव्हा पत्ता एकाच धाटणीचा असायचा, १ वाला. ऑगस्ट २०१७ ला सेगविट आलं, त्यात सहीचा भाग बाजूला काढल्याने फी कमी लागते, पण जुनी वॉलेटं आणि एक्सचेंजं बीसी१ ओळखायचीच नाहीत, म्हणून सेगविटला ३ चा अंगरखा घातला, की जुन्या लोकांनाही पाठवता यावं. तुम्ही २०१८ ला घेतलं म्हणजे बरोबर त्या अंगरख्याच्या काळातले. पुढे नोव्हेंबर २०२१ ला टॅपरूट. प्रत्येक वेळी नवीन विंग बांधली कारण एकाच विंगेत सरमिसळ केली तर रिकव्हरीच्या वेळी प्रत्येक किल्ली चारही प्रकारांनी तपासत बसावी लागली असती.

सिन्नरकर
सापडले! पण पूर्ण नाही. ४९ मध्ये तीनपैकी दोनच व्यवहार दिसतायत. तिसरा, जो सगळ्यात मोठा, तो गायब. एक्सप्लोररवर मात्र आहे. आता काय?

टेकडीवरचा
पासफ्रेज लावला होता का कधी? तो २५ वा शब्द म्हणतात तो, शब्दांवर लावलेला आपला जादा पासवर्ड? पासफ्रेज असेल तर ती अख्खी वेगळी चाळ. किंवा दुसरं अकाउंट, म्हणजे पहिला मजला?

सिन्नरकर
पासफ्रेज आठवत नाही, म्हणजे लावलाच नव्हता, मला तेव्हा तो शब्दच माहीत नव्हता. अकाउंट एकच. एक मात्र आहे, २०१९ ला भाचा म्हणाला मामा दरवेळी नवीन पत्ता वापरायचा असतो, म्हणून मी एका बैठकीत चाळीस पत्ते काढून प्रिंट मारून ठेवले होते. तिसऱ्या वेळी त्या कागदावरून खालून कुठलातरी घेतला.

रेवा_गिरगाव
हाहा काका, मग पोस्टमनचा लोच्या झालाय. वॉलेट रिकव्हर होताना पोस्टमन गॅलरीतून खोली खोली वाजवत जातो. सलग २० खोल्या बंद दिसल्या की म्हणतो पुढे कोणी राहत नाही, आणि परत फिरतो. याला गॅप लिमिट म्हणतात. तुमच्या पहिल्या दोन खोल्या ० आणि १, तिथून पुढे तो २१ पर्यंत गेला आणि वळला. तुमची तिसरी खोली तिशीच्या पुढे असणार.

डिव्हाइस स्पॅरोला जोडा (शब्द टाइप करायची गरज नाही, फक्त डिव्हाइस जोडायचं), नेस्टेड सेगविट निवडा, सेटिंग्जच्या ॲडव्हान्स्डमध्ये गॅप लिमिट १०० करा.

सिन्नरकर
३३ नंबरची खोली!! बायको म्हणते रात्री अकरा वाजता असं ओरडायचं नसतं. आता आठवतंय, तेव्हाच्या सॉफ्टवेअरने इतके पत्ते काढताना सूचना दिली होती की हे आपोआप रिकव्हर होणार नाहीत वगैरे, आणि मी न वाचता ओके दाबत गेलो.

तर आता मूळ दुसरा प्रश्न. सगळं बीसी१ मध्ये हलवू का? आणि क्यू की पी?

पाटीलबुवा_पुणे
माझं मत, घाईने हलवू नका. ३ वाले पत्ते काही बंद पडत नाहीयेत, नवीन डिव्हाइसवर ४९ आणि ८४ दोन्ही शेजारी सुखाने राहतात. नवीन पैसे घ्याल ते बीसी१क्यू वर घ्या, म्हणजे ८४.

फीचा हिशोब सांगतो, इंजिनीअर आहात म्हणून. खर्च करताना प्रत्येक इनपुटचं (आधी मिळालेल्या, आता खर्चायच्या रकमेचं) वजन पडतं, ते व्हीबाइटमध्ये मोजतात आणि त्यावर फी लागते: १ वाला साधारण १४८ व्हीबाइट, ३ वाला ९१, बीसी१क्यू ६८, टॅपरूट ५७.५. तुमचे तीन इनपुट एकत्र करून एका पत्त्यावर पाठवले तर ३ वाल्यांतून सुमारे ३१५ व्हीबाइट, हेच बीसी१क्यू असते तर २४६ च्या आसपास. फीचा दर व्हीबाइटला ५ सॅट (बिटकॉइनचं सगळ्यात छोटं एकक) असेल तर १५७५ सॅट विरुद्ध १२३० सॅट. एवढ्यासाठी आज पळापळ कशाला. जेव्हा कधी नेटवर्क निवांत असेल तेव्हा हलवा, आणि हेही लक्षात घ्या की तिन्ही एकत्र केले की बघणाऱ्याला कळतं हे तिन्ही पत्ते एकाच माणसाचे.

टॅपरूट चांगलं आहे, मी वापरतो, पण एका किल्लीच्या साध्या माणसाला क्यू सोडून पी वर जाण्यात फार काही मिळत नाही. उलट मी एका एक्सचेंजवरून काढायला गेलो तर बीसी१पी पत्ता "इनव्हॅलिड" म्हणून परत आला. पैसे जात नाहीत त्यात, समोरच्याला पत्ताच कळत नाही इतकंच, कारण पी वाल्याचा चेकसम (पत्त्यातली चूक पकडणारी अक्षरं) वेगळ्या पद्धतीचा आहे.

बंड्या_अकोला
क्वांटम कॉम्प्युटरचं काय, ते पब्लिक कीवरून खासगी किल्ली काढतील म्हणतात? ऐकलं टॅपरूटमध्ये पब्लिक की उघडी असते.

पाटीलबुवा_पुणे
या वेळी बरोबर बोललास. पी वाल्या पत्त्यात कीच असते, क्यू वाल्यात तिचा फक्त हॅश (उलटा न फिरवता येणारा ठसा), की खर्च करेपर्यंत झाकलेली. पण काकांनी आज त्यासाठी तिसरी रात्र जागू नये.

सिन्नरकर
मग क्यू ठरलं. आता कागदावर शब्दांशिवाय काय लिहून ठेवू? माझ्यानंतर मुलीला हे सगळं परत शोधायला लागू नये.

रेवा_गिरगाव
दुसऱ्या कागदावर, शब्दांपासून लांब: शब्द बिप ३९ चे आहेत हे, दोन पाथ (एम/४९'/०'/०' आणि एम/८४'/०'/०'), पासफ्रेज नाही हे स्पष्ट शब्दांत, "खोली ३३ पर्यंत वापरलंय, गॅप लिमिट वाढवणे", आणि मास्टर फिंगरप्रिंट. तो आठ अक्षरांचा कोड स्पॅरोमध्ये दिसतो, शब्द किंवा पासफ्रेजमध्ये जरा फरक पडला तरी तो बदलतो, त्यामुळे मुलीला लगेच कळेल आपण बरोबर चाळीत आहोत का. पाथ गुप्त नसतो, कोणी वाचला तरी काही करू शकत नाही. मुलीला एकदा समोर बसवून दाखवाच पण, नुसता कागद माझ्या बाबांनाही पुरला नव्हता.

एक्सपब, म्हणजे अकाउंटचे सगळे पत्ते काढणारी पब्लिक की, मात्र जपा. ३ वाल्यासाठी तो वायपब आणि बीसी१क्यू साठी झेडपब अशा नावानेही दिसतो. त्याने कोणी पैसे काढू शकत नाही पण त्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्या, आजच्या आणि पुढच्या, त्याला दिसतात. २०२२ ला ३० टक्के टॅक्स आल्यापासून सीए लोक सगळा हिशोब मागतात, तर माझ्या ओळखीतल्या एकाने सरळ एक्सपबच ईमेल करून टाकला. सीएला व्यवहारांची एक्सेल फाइल द्या, बास.

उनाड_पाऊस
घुसतोय मध्ये, सॉरी. माझे १२ शब्द आहेत, नवीन डिव्हाइस घेतच नाहीये, "इनव्हॅलिड" म्हणतं. सगळे पाथ बदलून बघू का?

टेकडीवरचा
शब्द कुठे बनवले होते? इलेक्ट्रम नावाच्या वॉलेट सॉफ्टवेअरमध्ये का? त्याचे १२ शब्द दिसायला सेम पण पद्धत त्याची स्वतःची, बिप ३९ नाही, त्यामुळे पाथ बदलून काही होणार नाही. इलेक्ट्रममध्येच उघडा, तिथून डिव्हाइसवरच्या नवीन पत्त्यावर पाठवा.

उनाड_पाऊस
इलेक्ट्रमच. च्यायला. धन्यवाद.

टेकडीवरचा
काका, जुन्या डिव्हाइसचं काय केलंत?

सिन्नरकर
भंगारवाल्यासाठी पिशवीत काढून ठेवलंय.

टेकडीवरचा
रीसेट केलंत ना?

सिन्नरकर
स्क्रीनवर रेघा, रीसेट कुठून करू?

टेकडीवरचा
मग पिशवीतून काढा आणि आतली चिप फोडा. तेच २४ शब्द आहेत त्यात अजून.

सिन्नरकर
शेजारच्या सुताराकडून हातोडी आणतो. बायकोला सांगितलंय, अजून एकदा आवाज होईल.