माहुलच्या हवेचा नकाशा: मोजलेला की रंगवलेला?

खाडीकाठ (धागाकर्ता)

गेला पावसाळा संपल्यापासून एक उद्योग चालवलाय. चेंबूर, वाशीनाका, माहुल या पट्ट्यात वास आला की लोकांनी फोनवर एक फॉर्म भरायचा: कुठे, किती वाजता, वास कसला (गॅस, रंग, सडकं अंडं, 'सांगता येत नाही'). त्या नोंदी क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या. फुकट आहे, माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवरही चालतं. त्यावर सरकारी केंद्रांचे आकडे, रिफायनऱ्यांच्या आणि रसायनांच्या टाक्यांच्या हद्दी, रहिवासी इमारती असे थर चढवले आणि मधल्या जागा सॉफ्टवेअरकडून भरून घेतल्या. लाल पट्टा निघाला तो बरोबर पुनर्वसनाच्या इमारतींवर.

माझं म्हणणं सरळ आहे. कुणाला कुठे घर द्यायचं हे ठरवताना असा नकाशा पालिकेच्या टेबलावर असायलाच हवा. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने डिसेंबर २०१५ मध्ये माहुल-अंबापाड्यातल्या लोकांच्या प्रकृतीला धोका आहे हे मान्य केलं. तरी पुढे तानसा जलवाहिनीलगतची हजारो कुटुंबं उचलून तिथेच आणली. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की यांना तिथे राहायची सक्ती करू नका, दुसरं घर देता येत नसेल तर महिना १५,००० रुपये भाडं द्या. नकाशा समोर असता तर ही वेळ आली असती का?

धुरांडं

नकाशा देखणा झालाय, आणि मला भीती त्याचीच वाटते. वीस वर्षं चिमण्यांवर चढून धूर मोजतोय, म्हणून बोलतो.

मधल्या जागा आयडीडब्ल्यूने भरल्यात ना? त्या पद्धतीला एवढंच कळतं की जवळच्या बिंदूचं जास्त ऐकायचं, लांबच्याचं कमी. वारा कळत नाही, ट्रॉम्बेची टेकडी कळत नाही. दोन केंद्रांच्या मधे ते पोतेरं फिरवल्यासारखा रंग फिरवतं. तिथे कुणीही काहीही मोजलेलं नसतं.

दुसरं, सरकारी आकडे म्हणजे तुम्ही एक्यूआय घेतलाय, हवेच्या दर्जाचा निर्देशांक. त्यात घटक आठ: पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. बेंझिन कुठाय? २००९ च्या राष्ट्रीय मानकांत ते आहे, वर्षाची सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत हवी असं, पण एक्यूआयच्या रंगात ते उतरतच नाही. केईएम रुग्णालयाच्या अहवालात टोल्युइन डायआयसोसायनेट या ज्या रसायनाचा उल्लेख आहे, ते तर या मानकांतही नाही. म्हणजे माणूस ज्याने गुदमरतोय ते सोडून बाकीचं सगळं तुमच्या नकाशात आहे.

आणि लवादापुढे काय गेलं होतं? केईएमच्या लोकांनी २०१३ मध्ये वस्तीत फिरून विचारलेलं. ६७.१ टक्के लोकांना महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा धाप, ८४.५ टक्क्यांना छातीत कोंडल्यासारखं, ८६.६ टक्क्यांच्या डोळ्यांची जळजळ. त्यात रंगीत पट्टे नव्हते. (जॉन स्नो आणि त्याने नकाशावर दाखवलेला लंडनचा कॉलऱ्याचा पंप कुणी काढू नका, हात जोडतो. १८५४ मध्ये त्यानेही मेलेली माणसं आधी मोजली, ठिपके नंतर काढले.)

वन_बीएचके

तुमचं चालू द्या, पण हा नकाशा व्हॉट्सअपवर फिरायला लागल्यापासून आमच्या सोसायटीत गिऱ्हाईक फिरकेना. हप्ते आम्ही भरतोय. नाव गाळून टाका ना रस्त्याचं.

खाडीकाठ

@वन_बीएचके, नाव गाळल्याने वास जाणार असेल तर आत्ता गाळतो.

@धुरांडं, एक्यूआयचा मुद्दा मान्य, तो थर काढतो. चूक माझीच: आकडा आयता मिळाला म्हणून वापरला. पण वासाच्या नोंदी तर माणसांच्या नाकाने दिल्यात. आणि केईएमचा अहवाल असूनही माणसं तिथे गेलीच की! टक्केवारी फायलीत झोपते. नकाशात आपली इमारत दिसली की माणूस जागा होतो.

अवकाशवेडा

उपग्रह का वापरत नाही? सेंटिनल-५पी रोजच्या रोज नायट्रोजन डायऑक्साइड दाखवतो, फुकट.

धुरांडं

त्याचा एक चौकोन साधारण साडेपाच किलोमीटर बाय साडेतीन किलोमीटरचा. त्यात अख्खं माहुल जाऊन वर बरंच काही उरेल. शिवाय तो डोक्यावरून जातो दुपारी दीडच्या सुमारास, जेव्हा खाडीवरचं वारं सगळं पांगवून टाकतं. माहुलमध्ये लोक उठून बसतात ते रात्री, वारा पडल्यावर. देशभराचं चित्र बघायला उत्तम, गल्लीसाठी नाही.

ह्यूस्टनचा_बंड्या

इथे आमच्या घरापासून रिफायनऱ्यांची रांग सुरू होते, म्हणून थोडं लिहितो. भोपाळ झालं डिसेंबर १९८४ मध्ये. पुढच्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनियात त्याच कंपनीच्या कारखान्यातून गळती झाली, आणि १९८६ मध्ये अमेरिकेने कायदा केला की कुठल्या कारखान्याने कुठलं विषारी रसायन किती सोडलं ते दरवर्षी जाहीर करायचं. ती यादी पत्त्यासकट मिळते. त्यामुळे इथे शाळकरी पोरंही नकाशा काढतात. माणसं मेली भोपाळची, यादी मिळाली आम्हाला. तशी देशभराची उघडी यादी भारतात अजून नाही. महाराष्ट्रात २०१७ पासून कारखान्यांना धुरासाठी तारे देतात, पण ते धुलिकणांचे, बेंझिनचे नव्हेत. तेव्हा खाडीकाठ यांच्यासारख्यांनी नाकाने यादी करायची नाही तर काय करायचं?

धुरांडं

@बंड्या, त्या यादीतले आकडे बहुतेक कंपन्यांनी स्वतः अंदाजाने भरलेले असतात, हेही सांगा की.

ह्यूस्टनचा_बंड्या

असतात. म्हणून तर २०१५ च्या नियमाने रिफायनऱ्यांना कुंपणालगत चहूबाजूंनी बेंझिन मोजणाऱ्या नळ्या लावायला लावल्या. दर चौदा दिवसांनी बदलायच्या, वर्षाची सरासरी ९ मायक्रोग्रॅमच्या वर गेली की गळती शोधून दुरुस्त करायची. आकडे उघडे.

माहुलची

दादा, नकाशा बघितला. मोठा करून बघितला. पुनर्वसनाच्या बिल्डिंगा लाल दिसतात, बरोबर आहे. आमचा कोळीवाडा हिरवा का? आम्हाला काय अत्तराचा वास येतो?

खाडीकाठ

ताई, आत्ता नोंदी उघडून बघितल्या. कोळीवाड्यातून फॉर्म आलेत दोन, तेही एकाच नंबरवरून. लिंक फिरली ती बिल्डिंगांच्या ग्रुपवर.

माहुलची

मग ते दोन माझेच. आमच्याकडे म्हातारी माणसं, फोनवर फॉर्म कोण भरणार? आणि खरं सांगू, जन्मापासूनचा वास, त्याची तक्रार करायची असते हेच कुणाच्या डोक्यात येत नाही. सासू म्हणते, आज दर्या फिरला, म्हणजे समजायचं आज वास आहे.

धुरांडं

खाडीकाठ, माझी पोतेऱ्याची तक्रार एक वेळ सोडा, ही बघा. तुमचा लाल रंग विष कुठे आहे ते दाखवत नाही, व्हॉट्सअप कुठे आहे ते दाखवतो. उद्या हाच नकाशा कंपनीच्या वकिलाच्या हाती लागला तर तो म्हणेल, कोळीवाडा कुंपणाला लागून आहे आणि तुमच्याच नकाशात हिरवा आहे. साहेब, कसला धोका?

खाडीकाठ

हे लागलं. दोन दिवस इथे फिरकलो नाही ते त्यामुळेच.

हिरवा रंग काढून टाकलाय. जिथून नोंद नाही तिथे आता राखाडी आहे. मधल्या जागा भरणंही बंद, नुसते ठिपके, ठिपक्यात तास लिहिलेला. नकाशा आता अगदीच भिकार दिसतो. पण त्यात एक गोष्ट दिसली जी आधी रंगाखाली गाडली गेली होती: ठिपके बहुतेक रात्री अकरा ते पहाटे चारमधले आहेत.

@धुरांडं, एवढ्यावरून नळ्या कुठे लावायच्या ते सांगाल का? नकाशाचा एवढा उपयोग तरी मानता की नाही?

धुरांडं

एवढा मानतो. त्याच्यापुढे नाही.

वाऱ्याचे तासागणिक आकडे द्या, रात्रीचे वेगळे काढा. कुंपणालगत चार, कोळीवाड्यात दोन, बिल्डिंगांत तळमजल्यावर एक आणि वरच्या मजल्यावर एक, लांब कुठेतरी तुलनेला एक. नळीत कोळसा असतो, चौदा दिवस टांगून ठेवायची, मग प्रयोगशाळेत. पण ती सरासरी देते. रात्री दोनला आलेला लोट चौदा दिवसांत विरघळून जातो. तो धरायला आतली हवा काढून घेतलेला स्टीलचा डबा लागतो. खटका उघडला की तो बाहेरची हवा ओढून घेतो. तामिळनाडूत कडलूरला २००४ मध्ये गावकऱ्यांनी हेच काम बादलीत बसवलेल्या पिशवीने केलं होतं. अडचण एकच, वास येईल त्या क्षणी डब्याजवळ माणूस जागा पाहिजे.

वन_बीएचके

तुलनेची नळी आमच्या गच्चीवर लावा. शून्य आलं तर ते पण नकाशावर टाकायचं, मोठ्या अक्षरात.

माहुलची

नळी ओट्यावर नको, मांजर खेळेल. माळ्याच्या खिडकीला बांधा. डबा माझ्याकडे ठेवा. सासूला दम आहे, तिला उठवून बसवायला मी दोनला जागीच असते. खटका कुठल्या बाजूला फिरवायचा तेवढं एकदा येऊन दाखवा.