शब्दचर्चा: झबलं, मम्मम, दुडुदुडु – लिहायचं कसं, आणि कोशात आहेत का?

प्रश्न: भाचीला परदेशात मुलगी झाली आहे. बाळंतविड्याबरोबर घरातल्या बाळबोलीची एक वही पाठवावी असं मनात आहे. जावई अमराठी आहेत, सध्या मराठी शिकताहेत, त्यांनाही उपयोग होईल. पण लिहायला बसले की शब्दाशब्दाला अडतं. झबलं की झबले? मंमं की मम्मम? दुडूदुडू की दुडुदुडु? आणि यातलं कोशात काय मिळेल?

उत्तर: वही जरूर करा, ताई. हे शब्द आजीकडून नातवंडाकडे तोंडीच जात आले. आता आजी एका देशात आणि नात दुसऱ्या, तेव्हा ते लिहूनच ठेवायला हवेत.

वस्तूंची नावं सोपी आहेत. झबलं, टोपडं, कुंची, दुपटं, बाळोतं हे घरोघरचे कपडे, त्यामुळे कोशकारांना ते शोधत हिंडावं लागलं नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. त्याच्या हाताखालच्या पंडितांनी पोथ्यांबरोबर लोकांच्या तोंडचे शब्दही टिपले. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात निघाला. या जुन्या कोशांत शोधताना मात्र ‘झबलें’, ‘टोपडें’ असं पाहा, शेवटच्या एकारावर अनुस्वार देऊन. १९६२च्या लेखननियमांनी तो अनुस्वार काढला आणि ‘झबले’ हे लेखी रूप ठरलं. पण बोलण्याची ढब दाखवायची असेल तिथे ‘झबलं’ लिहायला त्याच नियमांची मोकळीक आहे. तुमची वही बोलण्याचीच आहे, तेव्हा निःशंकपणे ‘झबलं’ लिहा. ‘झबलं’ हे ‘झबले’चं बिघडलेलं रूप आहे असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. कागदावरून गेलेला तो अनुस्वार तोंडात या ‘अं’च्या रूपाने राहिला आहे.

बाळोते आणि बाळुते दोन्ही छापलेले दिसतात. तुमच्या घरात जे बोलतात ते लिहा. ‘बाळूते’ मात्र नको, कारण शेवटचं अक्षर दीर्घ असलं की मराठी शब्दात त्याच्या आधीचा उकार ऱ्हस्व.

खरी अडचण बाळाशी बोलतानाच्या शब्दांची. मम्मम, भुर्र, जोजो, शी, शू, बाऊ, पापा. कोशकाराला छापील पुरावा लागतो आणि हे शब्द छापले जातात फार थोडे. माझं निरीक्षण असं, की यातला एखादा शब्द मोठ्यांच्या वाक्यात कामाला लागला की कोशाचं दार त्याला लवकर उघडतं. भुर्रला ‘कन’ लागून ‘भुर्रकन’ झालं आणि ते गोष्टीतल्या पाखरांबरोबर छापलं गेलं. बाऊ म्हणजे पोरांना घालायची भीती, त्यावरून ‘उगाच बाऊ करू नकोस’ हे मोठ्यांच्या भांडणातही आलं. पण ‘बाळाला बाऊ झाला’ म्हणजे खरचटलं, लागलं, हा अर्थही घरोघर आहे. वहीत दोन्ही अर्थ द्या, नाहीतर जावईबापू बाऊ शब्द ऐकून भुताचा विचार करतील आणि इकडे गुडघ्याला फुंकर घालायची असेल.

‘शी’ची गत याहून वाईट. कोशात हा तिरस्काराचा उद्गार म्हणून सहज भेटतो. पण बालरोगतज्ज्ञही ‘शी कशी होते आहे?’ असंच विचारतात, तिथे हे साधं स्त्रीलिंगी नाम आहे: शी झाली, शी आली. एवढ्या रोजच्या शब्दाला नाम म्हणून स्वतंत्र नोंद हवीच. शी आणि शू दोन्ही दीर्घ, एकाक्षरी शब्दातला इकार-उकार दीर्घ या नियमाने.

‘मंमं’पेक्षा ‘मम्मम’ बरं. ‘केलं’, ‘झबलं’ यांमुळे शब्दाच्या शेवटचा अनुस्वार आता आपण लांबवलेल्या ‘अं’सारखा वाचतो. मराठी नव्याने शिकणारा माणूस ‘मंमं’चं काय करील सांगता येत नाही. ‘मम्मम’मध्ये शेवटचा म् नीट ऐकू येतो.

आणि दुडुदुडु! या शब्दावर माझा फार जीव आहे. हळूहळूसारख्या पुनरुक्त शब्दांत दुसरा आणि चौथा स्वर दीर्घ, असा नियम आहे. पण शब्द नादानुकारी, म्हणजे आवाजाची नक्कल करणारा, असेल तर उच्चाराप्रमाणे ऱ्हस्व लिहावा, अशी पुढे सवलत आहे, आणि तिथे उदाहरणं दिली आहेत लुटुलुटु, दुडुदुडु, रुणुझुणु. अन्त्य उकार दीर्घच हवा असं सांगणारी नियमावली बाळाच्या पावलांपाशी येऊन कानाचं ऐकते. हाच न्याय बाळबोलीतल्या बाकी नादशब्दांनाही लावावा, असं मला मनापासून वाटतं.

पुन्हा प्रश्न: मनापासून आभार. झबलं, मम्मम, दुडुदुडु ठरलं. आता गुटी की घुटी? आमच्याकडे आई गुटी म्हणते, सासरी घुटी.

उत्तर: दोन्ही चालतात, ‘बाळगुटी’ आणि ‘बाळघुटी’ही. आईची गुटी आधी लिहा, शेजारी ‘सासरी: घुटी’ अशी नोंद करा. चांगला कोशही पाठभेद असेच देतो. त्याखाली सहाण, उगाळणे आणि वळसा हे तीन शब्द लिहायला विसरू नका. वेखंडाचे किती वळसे आणि मुरडशेंगेचे किती, हे सांगताना ‘वळसा’चा अर्थ वेगळाच असतो: सहाणेवर एकदा गोल फिरवून उगाळणं, म्हणजे मात्रेचं माप. शब्द म्हणून हे जरूर नोंदवा. गुटी प्रत्यक्ष द्यायची की नाही ते मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच.