‘आवश्यक सूक्ष्म पोषकद्रव्ये’ म्हणजे नेमकी कोणती?

प्रश्न : पुण्यातील कृषी सेवा केंद्रांत ‘सूक्ष्म अन्नद्रव्ये’ असे छापलेल्या बाटल्यांवर जस्त, लोह, बोरॉन ही नावे असतात आणि औषधांच्या दुकानांतील गोळ्यांच्या पाकिटांवर त्यांपैकी बरीच नावे जीवनसत्त्वांबरोबर येतात. दोन्हीकडे अर्थ एकच आहे का? कॅल्शियम ‘सूक्ष्म’ म्हणावे का?

उत्तर : अर्थ एक नाही, आणि गोंधळ मुख्यतः ‘आवश्यक’ या शब्दाच्या रोजच्या वापरामुळे होतो. व्यवहारात आवश्यक म्हणजे गरजेचे. पोषणशास्त्रात मात्र ज्याच्यावाचून शरीराचे काम अडते आणि जे शरीराला स्वतः पुरेसे तयार करता येत नाही, म्हणून बाहेरूनच मिळवावे लागते, तेवढेच आवश्यक. कोलेस्टेरॉल प्रत्येक पेशीच्या आवरणाला लागते, परंतु यकृत ते बनवते. म्हणून ते या यादीत बसत नाही.

या कसोटीवर माणसासाठी १३ जीवनसत्त्वे ठरतात : अ, क, ड, ई, के आणि ब गटातील ८. ब-१२ हे नाव पाहून ब जीवनसत्त्वे बारा आहेत असे समजू नये, कारण मधले काही क्रमांक ज्या द्रव्यांना दिले गेले होते ती पुढे जीवनसत्त्वे मानली गेली नाहीत. ‘ड’ उन्हात त्वचेत तयार होते, तरीही ऊन पुरेसे न मिळाल्यास ते आहारातून घ्यावे लागते, म्हणून त्याची गणना यादीत होते.

खनिजांपैकी लोह, जस्त, तांबे, आयोडीन, सेलेनियम, मँगेनीज आणि मॉलिब्डेनम यांबद्दल वाद नाही. कोबाल्ट माणसाला ब-१२ चा घटक म्हणूनच लागतो. क्रोमियम अनेक जुन्या याद्यांत आढळते, पण ते आवश्यक असल्याचा पुरावा नाही असा निष्कर्ष युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१४ मध्ये काढला; नवे लेखन करताना त्याचा उल्लेख जपून करावा.

‘सूक्ष्म’ हे विशेषण मात्रेचे आहे, महत्त्वाचे नव्हे. प्रौढ माणसाला कॅल्शियम दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम लागते आणि ब-१२ सुमारे २ मायक्रोग्रॅम, म्हणजे पाच लाखपट फरक. पिष्टमय पदार्थ, प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांच्या तुलनेत सगळीच जीवनसत्त्वे व खनिजे सूक्ष्म गटात धरतात आणि त्या व्यापक अर्थाने कॅल्शियमही त्यात येते. खनिजांचेच आपसांत वर्गीकरण करताना मात्र ते मुख्य खनिज ठरते. लेखात कोणता अर्थ घेतला आहे, ते पहिल्याच उल्लेखात सांगावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

पिकांची यादी वेगळी आहे. वनस्पती जीवनसत्त्वे बहुतांशी स्वतःच बनवतात, म्हणून त्या बाटलीवर ती नसतात. बोरॉन पिकाला आवश्यक आहे, माणसासाठी तसे सिद्ध झालेले नाही. उलट आयोडीन व सेलेनियम माणसाला हवीत, पण पिकांच्या आवश्यक अन्नद्रव्यांत त्यांची गणना होत नाही. म्हणून शेतीच्या संदर्भात रुळलेला ‘अन्नद्रव्ये’ हा शब्द तिथेच ठेवावा आणि आहाराविषयी ‘पोषकद्रव्ये’ लिहावे.

पुरवणी : मराठीत ‘क जीवनसत्त्व’ म्हणजे आवळ्या-पेरूतले, हिरड्यांच्या आरोग्यासाठी लागणारे. रक्त गोठण्यास मदत करणारे ते ‘के’. रक्त पातळ ठेवण्याच्या काही गोळ्या ‘के’च्या कार्याला अडवतात, त्यामुळे रुग्णांसाठीच्या पत्रकांत ‘क’वरच्या या एका मात्रेची, म्हणजे लेखनचिन्हाची, चूक होता कामा नये.