कोथरूडची जुनी बिल्डिंग की नऱ्ह्याचा टॉवर? आणि खिळा न ठोकता घर लावायचं कसं?

बार्शी_लाइट

नमस्कार मंडळी. आत्तापर्यंत पुण्यात कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहिले, आता बास. तिघींत एक बाथरूम आणि रात्री दहानंतर फोनवर बोलायचं तर जिन्यात जाऊन बसायचं, हे यापुढे होणे नाही. ऑफिस नळ स्टॉपला. एकटीच राहणार. मधूनमधून बार्शीहून आई येईल, तिला गुडघ्यांचा त्रास आहे. बघून बघून शेवटी दोन वन बीएचके उरलेत.

पहिला कोथरूडला, आनंदनगर मेट्रो स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटं. तीन मजली जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. भाडं १९ हजार, डिपॉझिट ६० हजार. कडप्प्याचा ओटा, ट्रॉल्याबिल्या काही नाही, ओट्याखाली नुसते उघडे कप्पे. हॉलला पिस्ता रंग. बेडरूम पण पिस्ताच, फक्त एक भिंत नवीकोरी पांढरी. खिडक्या मात्र मोठ्या आणि समोर कडुनिंब. मालकीणबाई तळमजल्यावर राहतात. त्यांचं पहिलं वाक्य, "खिळा ठोकायचा नाही." दुसरं, "नॉनव्हेज?" आई माळकरी आहे म्हणून सांगितलं. माझ्याबद्दल त्यांनी पुढे विचारलं नाही.

दुसरा नऱ्ह्याला, टॉवरमध्ये नववा मजला. दोन लिफ्ट, मॉड्युलर किचन, बेडरूममध्ये वॉर्डरोब, सगळ्या भिंती पांढऱ्या. भाडं साडेसोळा, डिपॉझिट ५० हजार. मालक बंगळुरूला, सगळं एजंट बघतो. वर सोसायटी ३ हजार 'शिफ्टिंग चार्ज' मागते.

माझ्याकडे आहे ते असं: एक गादी, एक टेबल, मिक्सर, पुस्तकांच्या दोन पेट्या आणि आजीनं शिवलेल्या गोधड्या. घर लावायला हातात ३० हजार. त्याच्यावर एक रुपया नाही. कोणतं घर घेऊ, आणि त्या पिस्ता रंगाचं काय करू?

चहाटळ

नवले पूल रोज दोनदा ओलांडायचा असेल तर विमा उतरवून मग नऱ्ह्याला जा.

गंमत सोडा. येऊन-जाऊन वीसेक किलोमीटर होतील, आणि पावसात त्याला तास सहज लागतो. आनंदनगरहून नळ स्टॉप दुसरं स्टेशन. भाड्यातले अडीच हजार वाचतील ते पेट्रोलला आणि मणक्याच्या डॉक्टरला जातील. आणि पिस्ता रंगाला नावं ठेवू नका, आमचं अख्खं बालपण त्यात गेलं.

पाटा_वरवंटा

बार्शी_लाइट, बाकी सगळं नंतर. आधी एक सांगा, बेडरूमच्या एकाच भिंतीला ताजा रंग का?

लग्नानंतर सगळी वर्षं पुण्यात भाड्यानं राहतेय. सिंहगड रोड, वारजे, आता पौड रोड. एकट्या भिंतीला नवा रंग दिसला की माझा हात आपोआप तिकडे जातो. तळहात नाही, हाताची मागची बाजू लावायची, तिला गारवा पटकन कळतो. आधी शेजारच्या भिंतीला लावा, मग त्या भिंतीला. जास्त गार लागली तर आत ओल आहे. मग खाली बसून स्कर्टिंगच्या वर वीतभर जागा बघा. रंगाला बारीक फोड आलेत का, नखानं टोकरलं तर पांढरी भुकटी पडते का? नव्या रंगाखाली हे दोन-तीन महिने लपतं, मग वर येतंच.

ओल असली तरी घर सोडायलाच हवं असं नाही. भिंतीपलीकडे काय आहे ते बघा. बाथरूम असेल तर पाइप नाहीतर टाइल्सचे सांधे गळतायत. ते बारा महिने चालतं, राहायला जायच्या आधी मालकीणबाईंनी दुरुस्त करून द्यायला हवं. पलीकडे मोकळी हवा असेल, म्हणजे बाहेरची पश्चिमेची भिंत, तर पावसाळ्यापुरता त्रास. कपाट भिंतीपासून हातभर लांब ठेवायचं आणि निभावायचं.

नऱ्ह्याच्या घराबाबत एजंटला काही विचारू नका. वॉचमनला गाठा, नाहीतर धुण्याभांड्याच्या मावशींना, आणि विचारा, "मे महिन्यात टँकर किती येतात?" नऱ्हे महापालिकेत आलं २०२१ साली. टॉवर त्याच्या आधीपासून उभे राहतायत, पाण्याचं अजून टँकरवर भागतंय असं तिथले लोकच सांगतात. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये आहे की तुमच्याकडून वेगळा घेणार, हेही तिथेच कळेल. नवव्या मजल्यावर वारा मस्त असतो, पण बाल्कनी पश्चिमेला असली तर एप्रिलमध्ये दुपारी तीन ते सात हॉलमध्ये बसवत नाही.

कोथरूडच्या घरात नळ सोडून बघा, शक्यतो सकाळी नऊच्या सुमारास, सगळ्यांच्या आंघोळी चाललेल्या असतात तेव्हा. बाथरूममध्ये गिझरसाठी पंधरा अँपिअरचा पॉइंट आहे का ते बघा. जुन्या बिल्डिंगांत पॉइंट मोजकेच असतात, आणि एका बोर्डावर तीन मल्टीप्लग लावून कुणी घर सजवू नये.

आता सजावट. माझा हिशोब एकच आहे: टेम्पोत चढेल आणि पुढच्या घरातही लागेल तेवढंच घ्यायचं. करार अकरा महिन्यांचा. भिंतीच्या मापाची कपाटं, वॉलपेपर, चिकटवायचे टाइल स्टिकर हे सगळं मालकाच्या घराला दिलेलं दान.

पिस्ता रंग बदलायच्या फंदात पडू नका. त्याच्यावर पांढरं काही ठेवलंत की तो सरकारी दवाखाना दिसतो. मातकट, विटकरी, गडद जांभळा ठेवलात की तोच रंग शोभून दिसतो. गोधड्या कुठल्या रंगाच्या आहेत? जुन्या लुगड्यांच्या असतील तर त्यात हे रंग असणारच. एक हॉलमध्ये गादीवर बैठक म्हणून घाला, दुसरी भिंतीवर. खिळ्याशिवाय भिंतीवर कशी म्हणाल, तर बुरूड आळीतून बांबूची शिडी किंवा दोन जाड बांबू आणा, भिंतीला टेकवून उभे करा आणि गोधडी त्याच्यावर टाका. पायाशी रबराचा तुकडा ठेवा, नाहीतर घसरतात. शिडी पुढे टॉवेल वाळवायलासुद्धा कामाला येते.

चिकटवायचे हुक घ्यायच्या आधी भिंतीवरून तळवा फिरवा. हाताला पावडर लागली तर तो साधा डिस्टेंपर आहे. त्याच्यावर हुक रात्री लावला की सकाळी रंगाचा पोपडा घेऊन खाली. ऑइल पेंट असेल तर धरतो, टाइल आणि काचेवर तर उत्तम धरतो. म्हणून हुक स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये, बाहेर नाही.

ओट्याखालच्या उघड्या कप्प्यांना ट्रॉल्या करून घ्यायचं मनातही आणू नका. स्प्रिंगची दांडी मिळते, दोन भिंतींच्या मध्ये फिरवून घट्ट बसते, खिळा लागत नाही. तिच्यावर खणाच्या कापडाचा पडदा. रविवार पेठेत कापड घ्या, शिंपी तिथेच आहेत. कडप्प्याच्या ओट्यावर मात्र लिंबू चिरून तसंच ठेवू नका. कडप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड, आंबट लागलं की पांढरा डाग पडतो आणि पुसून जात नाही. आठवड्यातून एकदा खोबरेल तेलाचा हात फिरवला की काळाभोर राहतो.

पहिला खर्च दिव्यांवर करा, सोफ्यावर नाही. भाड्याच्या घरात भिंतीवर एक ट्यूब असते आणि तिच्या उजेडात माणूस आजारी दिसतो. ती राहू द्या, भाजी निवडायला लागते. संध्याकाळसाठी दोन टेबललँप घ्या आणि त्यात वॉर्म व्हाईट बल्ब लावा, खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेलं असतं. एक पुस्तकांशेजारी, एक कोपऱ्यात जमिनीवर. लँपसाठी जुन्या बाजारात एक चक्कर मारा, रविवारी नाहीतर बुधवारी. पितळेचा तांब्या, जुनं टेबल, काहीही मिळतं, पण भाव निम्म्यापासून सुरू करायचा. पांढरा सोफा इंटरनेटवर छान दिसतो. कर्वे रोडची धूळ त्यांच्याकडे येत नाही.

झाडांवर ५०० रुपयांच्या वर घालवू नका. मनी प्लँट कुणाकडूनही फांदी मागून लागतो, समोर कडुनिंब आहेच.

वरचा_मजला

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे घरमालक. थोडं आमचंही ऐका.

खिळ्याला नाही म्हणतो ते खडूसपणा म्हणून नाही. जुन्या बिल्डिंगचं प्लॅस्टर पोकळ झालेलं असतं. हातोडीचा एक घाव बसला की ताटाएवढा पोपडा येतो. ड्रिलनं भोक पाडून गिट्टी (स्क्रू धरणारी छोटी खुंटी) बसवली तर भिंतीला काही होत नाही. त्यामुळे "खिळे ठोकू का" असं न विचारता "चार ठिकाणी ड्रिल मारू का, जाताना पुट्टी भरून देईन" असं विचारा. बरेच मालक हो म्हणतात. आधीच्या भाडेकरूचे खिळे असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवा, तेच वापरा.

कागदपत्रांचं सांगतो, कारण यात मुलं फसतात. नोटरीवर करार करू असं कुणी म्हटलं तर मान्य करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. अकरा महिन्यांचं भाडं २,०९,००० आणि ६० हजार डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, म्हणजे तुमच्या बाबतीत साडेपाचशेच्या आसपास. शहरी भागात नोंदणी फी १ हजार. त्याच्यावर एजंट जे लावतो ती त्याची मजुरी, आधार आणि अंगठ्यासाठी घरी येतो त्याची. ती किती आणि कोण भरणार हे आधी बोलून घ्या. आणि कलम २४ मालकाच्या बाजूचं आहे: मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट भाड्यानं भरपाई द्यावी लागते. तेव्हा नूतनीकरण करायचं असेल तर शेवटच्या महिन्याची वाट बघू नका.

नऱ्ह्याची सोसायटी ३ हजार कशाचे मागते ते लेखी मागा. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. ते मालकानं भरायचं.

किल्ली घ्याल त्या दिवशी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, नळ, बेसिनखालचा भाग, खिडकीच्या काचा सगळं, आणि तिथेच उभं राहून मालकीणबाईंना पाठवा. डिपॉझिटचे वाद यातच मिटतात. विजेच्या मीटरचं रीडिंगसुद्धा टिपा, नाहीतर आधीच्या माणसाचं महावितरणचं बिल तुमच्या गळ्यात.

बार्शी_लाइट

पाटा_वरवंटा ताई, तुमचे पाय कुठे आहेत? रविवारी आईला घेऊन परत गेले. भिंतीला हात लावला, गार. पलीकडे बाथरूमच. मी काही म्हणायच्या आत आईनं खाली बसून नखानं टोकरलं आणि भुकटी मालकीणबाईंच्या समोर धरली. त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आधीच्या मुलांनी सांगितलंच नाही हो." रंग कुणी दिला मग, हे आईनं विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. ठरलं असं की बाथरूमच्या टाइल्सचे सांधे नव्यानं भरून घेणार, त्या कोपऱ्यातला पाइप बदलणार आणि मगच करार. प्लंबर बोलवलाय.

काका, चार ड्रिल मिळाले! "मी स्वतः उभी राहून बघेन," या अटीवर. जिना आईला चालेल म्हणाली, कठडा भक्कम आहे आणि मध्ये टेकायला जागा आहे. नऱ्ह्याच्या वॉचमननं मे महिन्याचं विचारल्यावर आधी हसून घेतलं, मग सांगितलं, "दिवसाला आठ-दहा." तो विषय संपला.

भिंतीवर तळवा फिरवला. हॉल ऑइल पेंट, बेडरूम पावडर. गोधड्या विटकरी आणि जांभळ्याच निघाल्या, एकीत आजीच्या इरकलीचा काठ आहे.

आता पडदे. हॉलची खिडकी सहा फूट रुंद, चार फूट उंच, जुन्या दांडीचे ब्रॅकेट नाहीत. चारातले दोन ड्रिल इथे घालवू का? आणि पाच फुटी पडदे घेऊ की सात?

पाटा_वरवंटा

आईंना माझा नमस्कार सांगा, त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नव्हती.

सहा फुटाला स्प्रिंगची दांडी मधे वाकते, तेव्हा दोन ड्रिल इथेच वापरा. ब्रॅकेट खिडकीच्या वर वीतभर आणि दोन्ही बाजूंना अर्धा फूट बाहेर घ्या, म्हणजे पडदे सारल्यावर पूर्ण खिडकी मोकळी होते आणि कडुनिंब दिसतो. पडदे सातच फुटी. खिडकीखाली लोंबले तरी चांगले दिसतात, आणि पुढच्या घरात दाराला लागतात. पाच फुटी फक्त खिडकीचेच. रुंदीला चार पानं, म्हणजे चार पडदे घ्या, तीनात चुण्या पडत नाहीत. सुती घ्या, धुतल्यावर दोन-तीन इंच आटतात, म्हणून शिंप्याला खाली जास्तीची दुमड ठेवायला सांगा.

उरलेले दोन ड्रिल आत्ता मारू नका. महिनाभर राहा, मग ठरवा.

चहाटळ

आणि मालकीणबाई उभ्या असताना मारा. नॉनव्हेजचा विषय निघालाच तर आईंना पुढे करा.