मदत हवी आहे: लोकलच्या उशिरांतली गुंतागुंत एका आकड्यात कशी मोजावी?

नमस्कार. मी मुंबईत संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आहे. प्रकल्पासाठी दादरच्या फलाटांवरून सकाळच्या 20 लोकलच्या उशिराची 60 दिवसांची नोंद ठेवली आहे. एका गाडीचा खोळंबा इतर गाड्यांत किती झिरपतो, म्हणजेच ही व्यवस्था किती गुंतलेली आहे, हे मला मोजायचे आहे.

प्रथम शॅनन यांची (1948) एन्ट्रॉपी, म्हणजे अनिश्चिततेचे माप, काढली, परंतु तिच्यात बेशिस्त जितकी अधिक, तितका आकडा मोठा येतो. कोल्मोगोरोव्ह यांच्या 1965 च्या व्याख्येतही (जटिलता म्हणजे तो क्रम छापणाऱ्या सर्वांत छोट्या आज्ञावलीची लांबी) यादृच्छिक क्रमच सर्वांत जटिल ठरतो, आणि ते मूल्य काढून देणारी सर्वसाधारण आज्ञावली असूच शकत नाही. मला हवे असलेले माप दोन्ही टोकांना कमी भरावे: प्रत्येक गाडी आपापल्या नादात उशिरा येते तेव्हाही, आणि सगळ्या एकाच तालात रखडतात तेव्हाही.

म्हणून सुट्या एन्ट्रॉपींच्या बेरजेतून एकत्रित एन्ट्रॉपी वजा करून पाहिली. ती नेमकी दुसऱ्या टोकाला फुगते. शिवाय प्रत्येक गाडीच्या वेळेवर, थोडी उशिरा आणि फार उशिरा अशा तीनच अवस्था धरल्या, तरी 20 गाड्यांच्या मिळून 348 कोटींहून अधिक स्थिती होतात, आणि माझ्याकडे नोंदी 60. (हे ऐकून मार्गदर्शक सरांनी नुसता चष्मा काढून ठेवला.)

टोनोनी, स्पोर्न्स आणि एडेलमन यांनी 1994 मध्ये मेंदूसाठी सुचवलेले माप, ज्यात लहानमोठ्या प्रत्येक गटाचे उरलेल्या व्यवस्थेशी असलेले नाते मोजले जाते, मला जवळचे वाटते. कोव्हेरिअन्सवरून, म्हणजे दोन गाड्यांचे उशीर किती एकत्र बदलतात त्यावरून, ते काढता येते. मात्र त्यासाठी वितरण नॉर्मल (घंटेच्या आकाराचे) मानावे लागते, आणि उशिरांचे वितरण तर एका बाजूला लांब शेपटीचे आहे. मिनिटांऐवजी उशिरांचा लहान-मोठेपणाचा क्रम घेऊन ते नॉर्मल करून घेणे ग्राह्य ठरेल का? आणि 60 दिवसांवरून गाड्यांच्या 190 जोड्यांचे संबंध विश्वासार्ह निघतील का?

प्रतिसाद: क्रमाचे रूपांतर ग्राह्य आहे, कारण प्रत्येक गाडीचे मोजमाप क्रम न मोडता बदलल्यास परस्पर-माहिती (एकावरून दुसऱ्याबद्दल किती कळते, म्हणजे या मापातले नाते) तीच राहते, शून्य मिनिटांच्या समान नोंदी तेवढ्या जपून हाताळा. 190 जोड्यांबद्दलची तुमची शंका रास्त आहे. प्रत्येक गाडीचे दिवस स्वतंत्रपणे पत्त्यांसारखे पिसा आणि तेच माप शेकडो वेळा काढा. संबंध तुटल्यावरही उरणारा आकडा अपुऱ्या नमुन्याचा असतो. रविवारच्या नोंदी आधीच बाजूला काढा, त्या दिवशी वेळापत्रकच निराळे असते. जलद आणि धीम्या गाड्यांचे माप मात्र आधी वेगवेगळे काढून पाहावे, कारण त्यांचे रूळ निराळे आहेत.