ड्राइव्ह ‘कूटबद्ध’ करायची की तिला ‘कुलूप’ लावायचं?

मांजराकाठ:
लातूरजवळ गावी वडिलांचा कॉम्प्युटर आहे. त्यात सातबारे, खासरा पत्रकाचे स्कॅन, बँकेचे कागद आणि घरचे सगळे फोटो. मागच्या महिन्यात शेजारी चोरी झाली, टीव्हीबरोबर कॉम्प्युटरही नेला. म्हणून आपली ड्राइव्ह एनक्रिप्ट करावी का, म्हणजे किल्लीशिवाय आतलं कुणाला वाचताच येऊ नये, हा विचार चालू आहे. वडिलांना फोनवर म्हणालो, “ड्राइव्ह कूटबद्ध करू.” मागून आई म्हणाली, “काऊन? काय कुटायलाव?” बायको म्हणते, सरळ ‘कुलूप लावू’ म्हणा की. सीपीयूवर चिठ्ठी चिकटवायची आहे, तिच्यावर काय लिहू? आणि मुळात करावं की नको, तेही सांगा.

शुद्धमती:
कूटबद्धच लिहा. कूटप्रश्न, कूटनीती हे शब्द चालतात ना आपल्याला? आईंना एकदा समजावून सांगितलं की झालं. प्रत्येक वेळी इंग्रजीच्या दारात कशाला उभं राहायचं?

माळवद:
समजावून सांगावा लागणारा शब्द चिठ्ठीवर काय कामाचा? आमच्या परभणीत कूट म्हणजे शेंगदाण्याचा. बास.

शुद्धमती:
शेंगदाण्याचं कूट. नपुंसकलिंगी.

माळवद:
तुमच्याकडं असंल. आमच्याकडं ‘तो’ कूट. वांग्याच्या भाजीत घातल्यावर लिंग कळत नाही.

मोडीवाला:
‘कुलूप’ला माझा विरोध आहे, कारण वेगळं. विंडोजचा पासवर्ड हे कुलूप. चोरानं ड्राइव्ह काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की तो पासवर्ड बाजूलाच राहतो, आतले फोटो जसेच्या तसे दिसतात. एनक्रिप्ट केलं की आतलं लिखाणच बदलतं. ड्राइव्ह हातात आली तरी नुसता कचरा. कपाट फोडलं तर वही मिळते, इथं वहीच वाचता येत नाही.
आणि हा प्रकार मराठीला नवा नाही. महानुभाव पंथाच्या लोकांनी आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी असल्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवल्या. पोथी हाती लागली तरी परक्याला एक ओळ लागायची नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांनी ती उकल केली, तेव्हा कुठे ते वाङ्मय बाहेरच्यांना वाचता आलं. पंथाचे संस्थापक चक्रधर, त्यांचं पैठण तुमच्या मराठवाड्यातच की. तेव्हा ‘सांकेतिक केलेली’ म्हणा.

खासरा:
मग मोडीचं काय? 2023 ला कुणबी नोंदी शोधायला निघाले, तर मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं धुंडाळत फिरावं लागलं. आमच्या घरचा निजामकाळातला कागद तीन ठिकाणी फिरवला. तिसऱ्या आजोबांनी भिंग लावून दोन मिनिटांत वाचला. तोही एनक्रिप्टेडच होता म्हणायचं.

मोडीवाला:
नाही हो. मोडी लपवायला लिहीत नव्हते, भरभर लिहायला लिहीत होते. आपण वाचायचं विसरलो, हा आपला दोष.

खासरा:
किल्ली हरवल्यावर दोन्ही सारखंच.

गोदाकाठची:
किल्लीचा विषय निघालाच आहे तर. शुद्धमती, तुमचं कुलूप अरबी ‘कुफ्ल’वरून आलंय आणि चावी पोर्तुगीज ‘शाव्ह’वरून. घराला रोज अरबी कुलूप लावता, मग ‘एनक्रिप्ट’नंच काय घोडं मारलंय?

शुद्धमती:
मी किल्ली म्हणते.

उदगीरची वाट:
आमच्या आज्यानं चांदीचे रुपये पेवात, म्हणजे धान्याच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, पुरले आणि जागा कुणालाच न सांगता गेला. तीन पिढ्या आमचं अंगण उकरायल्यात. माझ्या मते शब्द ‘पेवबंद’. चोरालाही मिळणार नाही, पोरालाही नाही.

माळवद:
😂 चिठ्ठीवर हेच लिहा.

तारजोड्या:
दुरुस्तीचं काम करतो म्हणून मूळ प्रश्नाचं बोलतो, कुणीच बोलेना. बिटलॉकर म्हणजे विंडोजचंच एनक्रिप्शन. त्याची रिकव्हरी की, म्हणजे अडलं तर उघडायची किल्ली, 48 आकडी असते, सहा-सहाचे आठ गट. ती नसेल आणि कॉम्प्युटरनं मागितली, तर मीच काय, कुणीही काही काढून देऊ शकत नाही. मागच्या वर्षी मदरबोर्ड बदलल्यावर एका गिऱ्हाइकाला ती मागितली गेली. लग्नाचे फोटो, दुसरी कॉपी नाही. बाई दुकानात रडल्या. तेव्हा आधी फोटोंची प्रत दुसऱ्या डिस्कवर, मग की कागदावर लिहून सातबाऱ्याच्या फाइलीत, सीपीयूवर नव्हे! चिठ्ठीवर की लिहिणार असाल तर सगळं मुसळ केरात. एवढं होत असेल तर करा, नाहीतर फक्त बँकेच्या कागदांचं फोल्डर व्हेराक्रिप्ट या एनक्रिप्शनच्या प्रोग्राममध्ये ठेवा. आणि विंडोज 11 असेल तर सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एनक्रिप्शन बघा. मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरू केलेल्या नव्या मशीनवर ते आपोआप चालू झालेलं असतं बऱ्याचदा.

शुद्धमती:
‘रिकव्हरी की’ला ‘पुनःप्राप्ती किल्ली’.

माळवद:
घ्या.

मांजराकाठ:
वडिलांना फोनवरच सेटिंग्ज उघडायला लावलं. चालूच आहे! कॉम्प्युटर भाच्यानं सुरू करून दिला होता, म्हणजे रिकव्हरी की त्याच्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात गेली असणार. भाचा हैदराबादला, फोन उचलेना. आणि आईचा निरोप आहे: तो कूट.

गोदाकाठची:
भाचा सापडेपर्यंत एक विचारू? आमच्याकडे जाडसर तो कूट आणि बारीक ती भुकटी. तुमच्याकडे?