देव हाकेला हमखास धावला, तर बांध कोण बांधणार?

खाजनकार (डिचोली)

आमचा पाच जणांचा खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (फासे टाकत, एकेक पात्र होऊन गोष्ट रंगवायच्या खेळाच्या) नियमांवर चालतो, पण बोलणं मराठीत आणि शहर आमचं स्वतःचं. नाव खारेबंदर. नदीच्या मुखावर, इतकं सखल की बांध आणि मानशी (बांधातली पाण्याची दारं) आहेत म्हणून ते आहे. देव सात. त्यातले तीन सांगतो, बाकीचे अजून कागदावरच आहेत. वारुळाई, जमिनीची मूळ मालकीण. आजो, बांधावरचा राखणदार, विडी-दारूवर खूश. आणि पैलाडनाथ, परचक्र आलं तेव्हा पालखीतून नदी ओलांडून आलेला.

गेल्या बैठकीत अमावास्येच्या उधाणाला बांध फुटला. मी अख्खी संध्याकाळ पुरेल असा पेच रचला होता. माती कुणाच्या शेतातली उचलायची? आधी कुणाचं भात वाचवायचं? मानशीतल्या मासळीच्या पावणीचे (लिलावाचे) पैसे दुरुस्तीसाठी ठेवलेले, ते गेले कुठे? आमच्या क्लेरिकने, म्हणजे देवाच्या बळावर मंत्र चालवणाऱ्या पुजारी पात्राने, एक मंत्र टाकला, पाणी मागे सरलं आणि मंडळी चहाला उठली.

म्हणून माझं म्हणणं असं की खारेबंदरच्या देवळांत हमखास चालणारी जादू नकोच. मागितल्याबरोबर आणि मागितलं तेवढंच देतो तो देव नव्हे, तो नळ. आपल्याकडे गाऱ्हाणं घालतात, कौल लावतात, थांबतात. ओल्या पाषाणावर पाकळ्या डकवलेल्या असतात, कुठली कशासाठी ते आधी बोलून झालेलं असतं. मग सगळे गप्प. पाकळीची कड सुटते, लोंबते, तरी पडत नाही. पुजारी पुन्हा हात जोडून विनवतो. बाहेर कोणीतरी पोराला दटावतं. आणि उजवीऐवजी डावी पडली की ठरत आलेली सोयरीक तिथल्या तिथे थांबते. एवढी ताकद, आणि जादू म्हणाल तर शून्य. मला शहरात हे हवंय.

शंभरपैलू (मडगाव)

खाजनकारबाब, आधी नियम नीट बघूया. पाणी हटवायचा तो मंत्र चौथ्या पातळीचा. शंभर फुटांच्या चौकोनापुरता चालतो, आणि क्लेरिकचं लक्ष टिकलं तर दहा मिनिटं. उधाण काय दहा मिनिटांत ओसरतं? अकराव्या मिनिटाला पाणी परत आत. म्हणजे तुमचा पेच देवाने मोडला नाही, तुम्ही मोडू दिलात.

दुसरं, अनिश्चितता हवी तर ती नियमांत होतीच. 2014च्या नियमांत दहाव्या पातळीपासून क्लेरिक थेट देवाला साकडं घालू शकतो. शंभराचा फासा टाकायचा, आपल्या पातळीइतका किंवा कमी आकडा आला तरच देव धावतो. म्हणजे दहाव्या पातळीला शंभरात दहा वेळा. धावला तर पुढचे सात दिवस पुन्हा हाक नाही. घ्या तुमचा कौल. पण 2024च्या सुधारित नियमांत हा फासा काढून टाकला. माझ्या मते बरं झालं. दहा पातळ्या चढून आलेल्या माणसाने ऐन वेळी हात जोडावेत आणि नव्वद टक्के वेळा काहीच घडू नये, याला भक्ती म्हणा हवं तर, खेळ म्हणू नका.

खेळाडूकडे मंत्र असतो म्हणून तो बेत आखू शकतो. सगळंच पाकळीवर सोडलंत तर त्याने करायचं काय, पाषाणाकडे बघत बसायचं?

खाजनकार

दहा मिनिटं असोत की दहा तास, देव यंत्रासारखा चालतो ही तक्रार तशीच उरते. आणि तुम्ही नियमच काढलेत तर मीही जुना काढतो. 1974च्या मूळ खेळात पहिल्या पातळीच्या क्लेरिकला एकही मंत्र नव्हता. दुसऱ्या पातळीला पहिला मिळायचा. आधी सेवा करून दाखव, मग बघू. हे मला पटतं.

अंत्रुजवाली (फोंडा)

दोघेही फाशावर अडलात. मला पैलाडनाथाबद्दल बोलायचंय, कारण तो आमच्या अंगणातून उचललेला दिसतो!

मंगेशाचं लिंग 1560 साली कुठ्ठाळीहून प्रियोळला आलं. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदोड्याला. अंत्रुज महाल, म्हणजे आमचा फोंड्याचा भाग, तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता म्हणून इथे. यातल्या एकाही देवाने वीज पाडून आपलं देऊळ वाचवलं नाही. माणसांनी त्यांना उचललं, होडीत घातलं, झाडीत लपवलं. आता तुमच्या खेळातला सामान्य पुजारी घ्या, पाचव्या पातळीचा, मेलेला माणूस उठवणारा. अशा शहरात ही गोष्ट घडेल का? मूर्ती हलवायची पाळीच येणार नाही. आणि ती गोष्ट गेली तर पैलाडनाथाकडे उरतं काय, नाव आणि पालखी. इथवर मी खाजनकारांच्या बाजूने.

पण सगळ्या देवांना एकाच कौलाच्या पट्टीने मोजणं मला मान्य नाही. लिंग उचलता येतं, वारूळ उचलता येत नाही. सातेरी देवीचं रोयण, म्हणजे वारूळ, जिथे उगवलं तिथेच पुजायचं. मग वारुळाईची शक्ती हमखास का नसावी? फक्त तिच्या हद्दीत. वेशीबाहेर एक पाऊल टाकलं की शून्य. उलट पैलाडनाथ कुठेही येईल, पण तो उपरा, त्याला जमीन ओळखत नाही, म्हणून त्याचं बेभरवशाचं. शिवाय तो आला तेव्हा वारुळाईने त्याला जागा दिली. त्याची परतफेड झाली का, हे शहरात कोणी विचारत नाही वाटतं?

शंभरपैलू

हे मात्र झकास. हद्द ठरलेली असली की बेत आखता येतो. भांडणाला एवढं पुरे होतं, देवाला लहरी करायची गरज नव्हती.

देवाघरचा (पेडणे)

वाचून वाईट वाटलं. कौल, गाऱ्हाणं या आमच्या रोजच्या जगण्यातल्या गोष्टी आहेत. गाऱ्हाण्याला "होय म्हाराजा" म्हणताना अंगावर काटा येतो. तुम्ही चहा पीत फासे टाकून त्यांची पातळी काढणार? परदेशी खेळात परदेशी देव ठेवा की.

म्हापशेंकार

दादा, देव खेळायला घेण्यात आपण कोणाला मागे आहोत? जत्रेच्या काल्यात, दशावतारात आधी गणपतीचं सोंग येतं. आत रंगपटात बिडी ओढणारा माणूस तो, हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी नमस्कार होतोच.

देवाघरचा

होतो. कारण तो मुकुट चढवण्याआधी देवापुढे नारळ ठेवतो. तुम्ही ठेवलात?

म्हापशेंकार

नाही ठेवला. याला माझ्याकडे उत्तर नाही, पण खेळ थांबवावा असंही वाटत नाही.

मूळ विषयावर. या खेळांच्या पुस्तकांतली दैवतं म्हणजे मंत्रिमंडळ. एकाकडे युद्ध, एकीकडे शेती, एकाकडे मरण. आपल्या देवांना खाती नसतात, नाती असतात. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजाय, शीतळाय, अंजदीपा, आणि सातवी मिराबाय, जी म्हापशाची मिलाग्रिस सायबीण झाली. सात बहिणींतली एक इगर्जीत (चर्चमध्ये) आणि दोन्हीकडचे लोक तिला बहीणच मानतात. शिवाय भाऊ खेतोबा. भावाला लाथ मारली म्हणून लईराईने प्रायश्चित्त घेतलं आणि ती निखाऱ्यांतून चालली, अशी कथा सांगतात. तिच्या मागे आजही धोंड, म्हणजे तिचे व्रत घेतलेले भक्त, चालतात. देवीच चुकते, देवीच भोगते. कुठल्या खात्यात बसवणार?

आणि खाजनकारबाब, धोंडांचे पाय निखाऱ्यांवर पडतात ते काय पाकळीवर सोडलेलं असतं? व्रत पाळलं, सोवळं-ओवळं सांभाळलं, की देवी सांभाळते, ही त्यांची पक्की खात्री. कदाचित या भरवशापेक्षा जादूत वेगळं काही नसतंच. "मागितल्याबरोबर देतो तो देव नव्हे" हे तुमचं वाक्य देवळाबाहेर उभ्या माणसाचं झालं.

खाजनकार

पण म्हापशेंकारबाब, आधी व्रत आहे ना? दिवसचे दिवस आंघोळी, हाताने रांधलेलं खाणं, हातात वेताची काठी. क्लेरिक सकाळी उठतो, मंत्रांची यादी निवडतो आणि निघतो. खात्रीला मी नाही म्हणत नाही. फुकटच्या खात्रीला म्हणतो. नात्यांचं मात्र उचललं. वारुळाई रुसली असेल तर तिच्या बहिणीकडे जाऊन काही उपयोग नाही, हे लगेच नियमात बसेल.

उंबरठा (पणजी)

सगळे कौलाच्या प्रेमात आहात, एक साधा प्रश्न कोणीच विचारला नाही. पाकळी कोण लावतो?

किती ओली लावायची, कुठे दाबायची, पडलीच नाही तर पुन्हा लावायची की देव नाराज म्हणून उठायचं, हे हात कुणाचे आहेत त्यावर ठरतं. माझी आजी जन्मभर एका देवळात गेली, फुलं दिली, जत्रेला राबली. गाभारा तिने कधी आतून पाहिला नाही. देवळाचं नाव घेत नाही, घेऊन काय होणार आहे. महाजन (देवळाच्या कारभाराचे हक्कदार) कोण आणि कोण नाही हे जन्माने ठरतं.

तुमच्या त्या परदेशी खेळात मला एक गोष्ट आवडायची. माझी कोणतीही पोरगी, कुठल्याही वाड्यावरची, क्लेरिक होऊ शकते. देव तिच्याशी थेट बोलतो, मध्ये कोणी नाही. मंत्र हमखास चालतो म्हणजे तो कोणी अडवू शकत नाही. अनिश्चित देव हवाय म्हणता तेव्हा मध्ये बसणारा माणूस परत आणताय. त्याला अस्सलपणा म्हणून मिरवू नका.

अंत्रुजवाली

उंबरठाबाय, हे खरं आहे. पण म्हणूनच तो शहरात दिसायला हवा असं नाही वाटत? ओली पाकळी दाबणारा हात खेळात असला तर तो पकडताही येईल.

उंबरठा

पकडायला मी रविवारची सुट्टी घालवू? ते सोमवार ते शनिवार चालूच असतं.

शंभरपैलू

मी उंबरठाबायच्या बाजूने. आणि एक सुचवतो. भविष्य विचारायचा एक दुसऱ्या पातळीचा मंत्र आहे. उत्तरं चारच: शुभ, अशुभ, दोन्ही, किंवा काहीच नाही. 2014च्या नियमांत विश्रांती न घेता दुसऱ्यांदा विचारलं तर शंभरात पंचवीस शक्यता की उत्तर भलतंच येईल. तिसऱ्यांदा पन्नास. फासा खेळ चालवणारा लपवून टाकतो. कौल हवा तर हा आहे, आणि तो खेळाडू स्वतःच्या हाताने लावतो. मध्ये भट नाही, महाजन नाही.

म्हापशेंकार

आज्याचं काय करायचं पण? बेताळाला आपण चामड्याच्या वाहाणा वाहतो, कारण तो रात्रभर गाव राखत फिरतो आणि त्या झिजतात. तसा हिशेब ठेवा. आजो बांध राखतो, हमखास राखतो, फासा नाही, कौल नाही. पण जुन्या वाहाणा झिजल्या आणि नव्या कोणी ठेवल्या नाहीत, तर त्या रात्री तो अनवाणी निघत नाही. जादू पक्की, आणि तिचा खर्च शहराच्या डोक्यावर.

मानशीचं तसंच तर आहे. भरतीच्या दाबाने दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आपोआप उघडतात. दिवसातून दोनदा, न विचारता. फक्त फळ्या कुजल्या की बदलाव्या लागतात.

खाजनकार

हे मी घेतलं. पावणीचे पैसे कुठे गेले याचं उत्तरही त्यात सापडलं. आज्याच्या वाहाणांना ते पोचलेच नाहीत. वारुळाई हद्दीपुरती पक्की, आजो वाहाणांपुरता पक्का. पैलाडनाथाचा कौल मात्र मी सोडणार नाही. कोणी रागावलं तरी चालेल.

उंबरठा

मग माझं पात्र त्या वाहाणा शिवणारीचं. गाभाऱ्यात नाही, बांधावर. तिथे उंबरठा नसतो.

शंभरपैलू

चालेल. पण शेवटच्या वाहाणा कधी ठेवल्या होत्या ते खेळ सुरू व्हायच्या आधी कागदावर लिहून ठेवा, खाजनकारबाब. बांध फुटल्यावर "आजो अनवाणी होता" म्हणालात तर मी उठून जाणार.